तारापूरचं अणुऊर्जा केंद्र आलं तेव्हा बोईसरची आखणी कोणी केली होती का?

सांगलीचा पाहुणा विचारतात:

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीकडचा. तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत नोकरीला आहे आणि बोईसरला स्टेशनच्या पूर्वेला भाड्याने राहतो. इथे आल्यापासून एक कोडं सुटत नाही.

स्टेशनाबाहेर पडून चित्रालयाकडे चालायला लागलं की पायी चालणाऱ्याला धड जागा नाही. रिक्षा, टेम्पो, हातगाड्या, इमारतीला खेटून इमारत, आणि गटार कुठे सुरू होतं नि कुठे संपतं याचा पत्ता नाही. परवा एका ओळखीच्यांकडे टॅप्स कॉलनीत, म्हणजे अणुऊर्जा केंद्राच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत, जेवायला गेलो होतो. तिथे रुंद पदपथ, मोठी झाडं, ऐसपैस घरं, मैदानं. त्याच्याही पुढे केंद्राच्या बाजूला गेलं तर एकदम मोकळं रान. स्टेशन ते समुद्र, दहा-बारा किलोमीटरच्या आत तीन निराळी गावं पाहिल्यासारखं वाटतं.

केंद्र साठच्या दशकात बांधलं म्हणतात. तेव्हा आजूबाजूच्या गावांचा काही आराखडा झाला होता का? की फक्त केंद्र उभं राहिलं आणि बाकीचं आपोआप झालं? जुन्या जाणत्यांनी कृपया सांगावं.

---

चिंचणीची माहेरवाशीण यांचं उत्तर:

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहिते. माझं माहेर चिंचणी. नोकरी सगळी नगररचना खात्यात. अनुरेखक म्हणून लागले, आरेखक म्हणून निवृत्त झाले. हा किनारा मी पायांनी तुडवलाय आणि ट्रेसिंग पेपरवर शाईनेही काढलाय.

उत्तर आधी देते, कारणं मागाहून. आखणी झाली होती, पण दोनच गोष्टींची. केंद्रात काम करणाऱ्यांनी कुठे राहायचं याची, आणि केंद्राच्या भोवती कोणीच राहायचं नाही याची. या दोन्हींत न बसणारी जी माणसं होती, त्यांनी कुठे जायचं हे कोणी कागदावर काढलंच नाही. ती माणसं बोईसरला गेली.

जागा इथली का निवडली, ते लक्षात घ्या. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. मुंबई आणि अहमदाबाद दोन्हीकडे गिरण्या-कारखाने, विजेची भूक मोठी, आणि कोळशाच्या खाणी इथून शेकडो किलोमीटर दूर. दोन्ही शहरांच्या वाटेवरचा किनारा, थंड करायला समुद्राचं हवं तेवढं पाणी, पायाला कातळ, फार लांब नसलेली पश्चिम रेल्वे. असा सगळा विचार करून तारापूर ठरलं. १९६४ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी करार झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बांधकाम सुरू झालं. होमी भाभांनी ज्या प्रकल्पासाठी एवढा जीव टाकला, तो पुरा झालेला त्यांना पाहायला मिळाला नाही. जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात ते गेले. २१० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या १९६९च्या ऑक्टोबरपासून रीतसर वीज देऊ लागल्या. वीज दोन्ही राज्यांत निम्मी-निम्मी.

आता कायद्याचं बघा, कारण खरी मेख इथे आहे. १९६४ साली आपल्याकडे नगररचनेचा कायदा होता तो १९५४चा, मुंबई राज्याचा. त्यात विकास योजना करायची ती नगरपालिकेने, आपल्या हद्दीपुरती. इथे नगरपालिका होती कुठे? सगळ्या ग्रामपंचायती. गावं, शेतं, खाडी असा अख्खा टापू घेऊन त्याची प्रादेशिक योजना करायची, ही सोय महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने दिली. तो अधिनियम १९६६चा. तोवर इथे पायाखोदणी होऊन काँक्रीट वर येत होतं. पुढे मुंबई महानगर प्रदेशाची योजना १९७३ मध्ये मंजूर झाली, तिची हद्द वसईच्या आसपास संपली. पालघर तालुका बाहेरच. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र ज्या टापूत आलं, त्या टापूला तेव्हा आराखडाच नव्हता, आणि तो करायला बांधील असं कार्यालयही नव्हतं.

कॉलनी मात्र मन लावून बांधली. जनरल इलेक्ट्रिक आणि त्यांच्याबरोबरची बेक्टेल कंपनी, यांनीच ती उभारली. त्यांचे इंजिनियर बायकामुलांसह इथे राहणार होते, त्यामुळे अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावाचा आराखडा आमच्या भातशेतीत येऊन बसला. पदपथ, क्लब, टेनिस कोर्ट, पोहण्याचा तलाव. आमच्या वाडवळ घरांना रस्त्याला लागून ओटा, येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथूनच हाक मारायची. तिकडची घरं रस्त्यापासून मागे सरकलेली, मधे हिरवळ. लहानपणी आम्हाला त्याचं फार अप्रूप. आजही मला ती वसाहत आवडते, आणि मी ते मोकळेपणाने सांगते. पन्नासहून अधिक वर्षं झाली तरी तिथला पदपथ चालण्याजोगा आहे, यामागे कुणीतरी आधी विचार केलाय.

पण त्या विचारात शाळा आत, दवाखाना आत, दुकान आत. बाहेरच्या गावाकडून काय हवं? भाजी, मासळी, धुणंभांडी, गवंडी, रिक्षा. हे सगळं पुरवणारा माणूस कॉलनीत राहू शकत नव्हता. तो कुठे राहणार? जिथे खोली मिळेल तिथे. आणि खोल्या मिळत होत्या स्टेशनाजवळ, कारण जमीनमालकांनी शेतात चाळी टाकायला सुरुवात केली होती.

दुसरी आखणी वर्तुळांची. केंद्राभोवती १.६ किलोमीटरचा निषिद्ध पट्टा, तिथे वस्ती नाही. त्याच्या पुढे ५ किलोमीटरपर्यंत निर्बंध. तिथे गावाची नैसर्गिक वाढ चालते; मुलगा वेगळा झाला, घराला दोन खोल्या वाढवल्या, हरकत नाही. पण बाहेरून माणसं आणणारा कारखाना किंवा मोठा गृहप्रकल्प नको. आणि १६ किलोमीटरपर्यंत आपत्कालीन नियोजनाचं क्षेत्र. यातले बरेचसे नियम लेखी स्वरूपात आले ते अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाल्यानंतर. केंद्र आधी, नियमावली मागून.

ही वर्तुळं कागदावर कशी येतात ते सांगते. गाव नकाशे एकमेकांना जोडायचे, वर ट्रेसिंग पेपर ताणून पिना लावायच्या, केंद्राच्या बिंदूवर मोठ्या कंपासचं टोक ठेवायचं आणि फिरवायचं. गाव नकाशाला बांध असतात, वहाळ असतो, पायवाट असते. वर्तुळाला यातलं काही माहीत नसतं. एकाच गटाचा अर्धा तुकडा आत जातो, अर्धा बाहेर राहतो. मांगेल्यांची, म्हणजे इथल्या मच्छीमारांची, घरं एका बाजूला, त्यांची मासळी वाळवायची जागा दुसऱ्या बाजूला. मग त्या घरातला म्हातारा कार्यालयात येऊन विचारतो, बाई, माझं घर रेषेच्या कुठे? आणि शाईची रेषा तर नकाशाच्या मापात कित्येक मीटर जाड असते.

म्हणून किनाऱ्याची जुनी गावं, तारापूर, घिवली, उनभाट, होती तशी राहिली, आणि वाढ ढकलली गेली रेल्वेकडे. बोईसरकडे.

---

पास्थळ नाका यांचं उत्तर:

ताई, माहिती उत्तम, पण एक मुद्दा पटत नाही. बोईसर केंद्रामुळे वाढलं नाही, एमआयडीसीमुळे वाढलं. केंद्रात कामाला असून असून किती माणसं? बांधकाम संपल्यावर तर आणखी कमी. आमचं घर पास्थळला. वडील सांगायचे की सत्तरच्या दशकात औद्योगिक वसाहत आली आणि मग बिहार, उत्तर प्रदेश, खानदेश, सगळीकडून माणूस आला. मुंबईत नवे कारखाने नकोत असं सरकारचं धोरण होतं, बाहेर जाणाऱ्याला सवलती होत्या, आणि ही जागा मुंबईला जवळची. केंद्र नसतं तरी हेच झालं असतं. स्टेशन तर इंग्रजांच्या काळापासून आहे.

---

चिंचणीची माहेरवाशीण यांचं उत्तर:

दादा, माणसं एमआयडीसीने आणली, यात वाद नाही. २०११च्या जनगणनेत बोईसरची लोकसंख्या छत्तीस हजारांवर होती, ती काही केंद्राच्या नोकऱ्यांनी झालेली नाही. पण मूळ प्रश्न गाव किती वाढलं याचा नाही, असं का वाढलं याचा आहे. तिथे केंद्राचा हात मोठा आहे.

स्टेशनापासून केंद्रापर्यंतचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. स्टेशनाजवळ बांधकामाला परवानगी कोण देत होतं? ग्रामपंचायत, आणि बिनशेतीसाठी महसूल खातं. थोडं पुढे एमआयडीसीची हद्द लागली की नियोजन प्राधिकरण एमआयडीसी. कॉलनीत अणुऊर्जा विभाग. वर्तुळाच्या आत जिल्हाधिकारी आणि सुरक्षेचे नियम. एक रस्ता, चार मालक. जो तो आपल्या कुंपणापर्यंतचं बघणार. पावसाचं पाणी कुंपण बघत नाही. कॉलनीतलं गटार चांगलं, वसाहतीतलं तिच्या पद्धतीचं, मधल्या गावातलं कुणाचंच नाही, असं झालं तर पाणी तुंबणार ते मधल्या गावात. आपल्याला गटार कुठे संपतं कळत नाही असं पाहुण्यांनी लिहिलंय. ते हद्द संपते तिथे संपतं.

दुसरी गोष्ट पैशाची, हिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. अणुवीज महामंडळ १९८७ मध्ये झालं. त्याआधी केंद्र थेट भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाचं होतं. घटनेच्या २८५व्या कलमाप्रमाणे भारत सरकारच्या मालमत्तेवर स्थानिक कर बसत नाही. आपल्या शेजारच्या सगळ्यात मोठ्या मालमत्तेला ग्रामपंचायत घरपट्टी लावू शकत नव्हती. आणि नेमक्या त्याच वर्षांत गावाला रस्ते, दिवाबत्ती, पाणी, नाल्या करायची गरज सगळ्यात जास्त होती. पुढे छत्तीस हजारांच्या वस्तीचा कारभारही ग्रामपंचायतीनेच हाकायचा. सरपंच कितीही भला असला तरी काय करील?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त सलते. केंद्रापासून माणसं लांब ठेवायची, हा वर्तुळांचा हेतू. हेतू रास्त आहे, त्याला माझा विरोध नाही. पण माणसं लांब गेली म्हणजे किती लांब? ५ किलोमीटरच्या बाहेर आणि १६च्या आत. बोईसर स्टेशन केंद्रापासून साधारण अकरा किलोमीटरवर. आपत्कालीन क्षेत्रातली सगळ्यात दाट वस्ती तिथेच साचली. जो नियम फक्त अमुक ठिकाणी राहू नका एवढंच सांगतो आणि मग कुठे राहा हे सांगत नाही, तो अर्धाच लिहिलेला आहे. साठच्या दशकात बोईसरचे रस्ते, पूल, मैदानं यांची एक साधी योजना झाली असती, तर आज निघून जायची वेळ आलीच तर माणसांना रस्ता सापडला असता. तालमी होतात, माहिती दिली जाते, हे चांगलंच आहे. पण रस्ता अरुंद असेल तर तालमीने तो रुंद होत नाही.

---

अणुकिरण यांचं उत्तर:

माझं बालपण राजस्थानात रावतभाट्याला गेलं, बाबा राजस्थान अणुऊर्जा केंद्रात होते. घरात मराठी, शाळेत हिंदी. तारापूरनंतरचं हे दुसरं केंद्र, कॅनडाच्या तंत्राचं, १९७३च्या शेवटी सुरू झालं. तिथली गोष्ट थोडी निराळी. चंबळवर राणाप्रताप सागर धरण होत होतं, त्यासाठी वस्ती आधीच पडली होती. केंद्राची माणसं आली ती त्या वस्तीच्या शेजारी. अणुकिरण, अणुप्रताप, अणुछाया अशी कॉलन्यांची नावं. बाजार मात्र गावातला, त्यामुळे आई भाजीला गावातच जायची आणि आमची गावातल्या मुलांशी ओळख व्हायची. रेल्वे नाही, कोटा तासाभराहून जास्त दूर. त्यामुळे बोईसरसारखी झुंबड तिथे झाली नाही. ताईंचा रेल्वेचा मुद्दा मला म्हणून पटतो. रावतभाट्यालाही वर्तुळं आहेतच, पण वाढ ढकलली जाईल असं दुसरं ठिकाण जवळ नव्हतं.

---

ओटावाकाठ यांचं उत्तर:

कॅनडातून लिहितोय. इथल्या एका गावाचा तुमच्या चर्चेशी सरळ संबंध आहे, म्हणून.

ओंटारियोमध्ये ओटावा नदीकाठी चॉक रिव्हर नावाची अणुसंशोधन प्रयोगशाळा आहे. मुंबईतल्या तुर्भ्याची (ट्रॉम्बेची) सायरस अणुभट्टी ज्या एनआरएक्स भट्टीवरून बेतली, ती इथलीच, १९४७ची. पन्नाशीच्या दशकात तुर्भ्याहून शिकायला आलेले कितीतरी जण इथे राहून गेले. माझे सासरे त्यांतले. ते राहिले त्या गावाचं नाव डीप रिव्हर.

हे गाव प्रयोगशाळेसाठी १९४४-४५ मध्ये नव्याने वसवलं. आराखडा केला मॅकगिल विद्यापीठातल्या जॉन ब्लँड यांनी. गाव प्रयोगशाळेपासून दहाएक किलोमीटरवर, आणि मुद्दाम नदीच्या वरच्या अंगाला. वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणजे गावाकडून भट्टीकडे. पाणीही तसंच. उगाच वर्तुळ न काढता नदी आणि वारा बघून जागा धरली. मधे दुकानं आणि शाळा, चढउताराच्या कलाने वळणारे रस्ते, नदीकाठ सगळ्यांना मोकळा. एका रस्त्याला रदरफर्डचं नाव. सासरे सांगत, पहिल्या थंडीत त्यांना सगळ्यात नवल वाटलं ते याचं की शास्त्रज्ञ आणि फिटर एकाच गल्लीत राहत होते, घरं तेवढी लहानमोठी.

पण खोट तिथेही आहे. चॉक रिव्हर नावाचं रेल्वेचं जुनं गाव तिथे आधीपासून होतं. नवं गाव त्याला जोडून केलं नाही, वेगळं केलं. आजही दोन्ही गावांत फिरलं की आराखडा कुणाच्या वाट्याला आला, ते न सांगता कळतं.

---

चिंचणीची माहेरवाशीण यांचं उत्तर:

ओटावाकाठ, तुमचे फार आभार. शास्त्रज्ञ आणि फिटर एका गल्लीत, हे मी आमच्या जुन्या कार्यालयातल्या पोरांना वाचून दाखवणार आहे. कुंपणाच्या आत ते आपल्याकडेही थोडंफार होतं. कुंपणाच्या बाहेरचा गवंडी दोन्हीकडे सुटला.

आणि जोडीला एक गोष्ट नमूद करायला हवी, नाहीतर चर्चा अपुरी राहील. १९६९नंतर वर्तुळ थांबलं नाही. त्याच जागी ५४० मेगावॅटच्या आणखी दोन अणुभट्ट्या आल्या, २००५ आणि २००६ मध्ये त्या चालू झाल्या. त्यापायी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. या वेळी कायदा होता, नियामक मंडळ होतं, पुनर्वसनाचे आराखडे होते, कोर्टकचेऱ्याही झाल्या. नव्या वसाहतीत सरळ रस्ते आणि सारखे प्लॉट मिळाले. पण समुद्रावर पोट असलेल्या माणसाला समुद्रापासून लांब नेऊन प्लॉट दिला तर त्याच्या जाळ्याला, होडीला, बायकांच्या मासळीच्या टोपलीला त्या प्लॉटमध्ये जागा नसते. आराखडा म्हणजे घरांची संख्या नव्हे. माणूस सकाळी उठून कुठे जातो, तिथून नकाशा सुरू करायला हवा. मी हे नोकरीत असताना म्हणत आले, आता इथे म्हणते.

---

सांगलीचा पाहुणा:

ताई, सगळ्यांचेच मनापासून आभार. रोज ज्या रस्त्याने जातो तो आता वेगळाच दिसायला लागलाय. एक विचारू? हे जुने नकाशे मला बघायला मिळतील का? सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन एकेक हद्द चालत जायचा विचार आहे.

---

चिंचणीची माहेरवाशीण यांचं उत्तर:

कॅमेरा केंद्राच्या बाजूला अजिबात नेऊ नका, ते प्रतिबंधित क्षेत्र आहे, उगाच अडचणीत याल. स्टेशन ते एमआयडीसी एवढंच चाला, त्यातच भरपूर आहे.

नकाशांचं म्हणाल तर पालघरला भूमी अभिलेख कार्यालयात गाव नकाशाची नक्कल अर्ज करून मिळते. बोईसर, सरावली, पास्थळ, कोलवडे, कुंभवली एवढ्या गावांपासून सुरुवात करा. नकाशे शेजारी-शेजारी मांडले की जुन्या पायवाटा दिसतील. आजचे कितीतरी वाकडे रस्ते त्या पायवाटाच आहेत, फक्त डांबर पडलंय. मग तलाठ्याकडे किंवा तहसीलला साठ-सत्तरच्या दशकातले जुने सातबारे आणि फेरफार मागा. संपादनाची नोंद फेरफारात असते: कुठला गट, किती क्षेत्र, कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेला. एकेक गट नकाशावर रंगवत चला. कॉलनीला एक रंग, एमआयडीसीला दुसरा, चाळी आणि इमारतींना तिसरा.

फेरफाराचं जुनं अक्षर लावायला त्रास होईल. अडलं तर इथेच विचारा, मला ते वाचायची सवय आहे.